न्यूमोनियाचे स्कोअर आणि फोनवरचं एमडीकॅल्क : कुठे भरवसा ठेवावा, कुठे ठेवू नये

न्यूमोनियाचा पेशंट कॅज्युअल्टीत आला की कोणतं अँटिबायोटिक द्यायचं याच्याही आधी त्याला ठेवायचं कुठे हे ठरवावं लागतं. गोळ्या देऊन घरी पाठवायचं, वॉर्डात घ्यायचं, की थेट आयसीयूची खाट शोधायची? ग्रामीण रुग्णालयात हा निर्णय आणखी जड होतो, कारण पुढे पाठवायचं म्हणजे १०८ बोलवायची आणि तासभर रस्ता. त्या निर्णयासाठी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बरेच स्कोअर, म्हणजे तपासणीतल्या गोष्टींना गुण देऊन धोका मोजायच्या पद्धती, तयार झाले आणि आता ते सगळे फोनवर एका जागी मिळतात. हा आढावा त्यातल्या रोज लागणाऱ्या चारांचा आहे : कर्ब-६५ (आणि त्याचा धाकटा भाऊ सीआरबी-६५), पीएसआय (न्यूमोनियाच्या तीव्रतेचा निर्देशांक), स्मार्ट-कॉप आणि अमेरिकन संस्थांचे गंभीर न्यूमोनियाचे निकष. ते मोजण्यासाठी बहुतेक जण उघडतात त्या एमडीकॅल्क या साइटबद्दलही थोडं लिहिलं आहे.

निकाल आधीच सांगतो. एमडीकॅल्क उत्तम. कर्ब-६५ सोपा, पण ऑक्सिजनच्या बाबतीत आंधळा. पीएसआय घरी पाठवण्यासाठी सगळ्यांत भरवशाचा, तरुण पेशंटमध्ये मात्र धोकादायक. आयसीयूचा प्रश्न असेल तर स्मार्ट-कॉप. आणि श्वास मोजलेच नसतील तर यातला एकही कामाचा नाही.

एमडीकॅल्क

अमेरिकेतल्या दोन इमर्जन्सी डॉक्टरांनी २००५ साली सुरू केलेली ही साइट फुकट आहे. खातं उघडावं लागतं, अॅपही आहे. प्रत्येक कॅल्क्युलेटरच्या खाली तो कधी वापरावा, कुठे फसतो, पुढे काय करावं आणि मूळ अभ्यास कोणता, हे नीट दिलेलं असतं. आकडा वाचून फोन खिशात टाकणारे हा भाग कधी उघडत नाहीत. खरी किंमत तिथेच आहे. नवीन आरएमओला (निवासी डॉक्टरला) स्कोअर शिकवायचे असतील तर वेगळ्या नोट्स काढण्याची गरज नाही.

एक गोष्ट जपायला हवी. 'हो-नाही'च्या प्रश्नांत बटण आधीपासूनच 'नाही'वर असतं. ज्या गोष्टीला हात लावला नाही ती नॉर्मल धरली जाते. सोडियमचा रिपोर्ट यायचा आहे, एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) केलेलं नाही, तरी उत्तर मात्र पूर्ण दिसतं. पीएसआयच्या मूळ अभ्यासातही न तपासलेल्या गोष्टी नॉर्मलच धरल्या होत्या, त्यामुळे हे नियमाला धरून आहे. पण तिथे तपासणी झाली नव्हती ती बहुतेकदा डॉक्टरला गरज वाटली नव्हती म्हणून. आपल्याकडे ती होत नाही, कारण लॅब पाच वाजता बंद होते. या दोन्हींतला फरक कॅल्क्युलेटरला कळत नाही. म्हणून आकड्यासोबत 'सोडियम बाकी, एबीजी नाही' असं केस पेपरवर लिहायचं, आणि रिपोर्ट आला की पुन्हा मोजायचं.

दुसरं, एकाच गुणासमोर वेगवेगळ्या अॅपवर मृत्यूचे वेगवेगळे टक्के दिसतात, कारण प्रत्येकाने वेगळ्या अभ्यासातले आकडे घेतलेले असतात. नातेवाइकांना दशांश चिन्हापर्यंतचा टक्का सांगू नये. कमी, मध्यम, जास्त एवढं पुरे.

कर्ब-६५ : पाच प्रश्न, आणि पाचही ठिकाणी घसरायची सोय

२००३ मध्ये ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या १०६८ पेशंटच्या माहितीवरून हा स्कोअर बांधला. नव्याने आलेला मानसिक गोंधळ, युरिया ७ मिलिमोल प्रति लिटरपेक्षा जास्त, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त, वरचं बीपी ९० पेक्षा कमी किंवा खालचं ६० किंवा त्याहून कमी, वय ६५ किंवा जास्त. प्रत्येकाला १ गुण. ०-१ म्हणजे महिनाभरात मृत्यूची शक्यता ३ टक्क्यांहून कमी, २ म्हणजे ३ ते १५ टक्के, ३ ते ५ म्हणजे १५ टक्क्यांच्या वर. युरिया काढून टाकला की उरतो तो सीआरबी-६५, लॅबशिवाय ओपीडीत चालणारा. त्यात ० म्हणजे १ टक्क्याहून कमी, १-२ मध्यम, ३-४ म्हणजे १० टक्क्यांच्या वर.

पाठ करायला पाच मिनिटं लागतात, म्हणून तो सगळीकडे चालतो. चुका होतात त्या भरताना.

सगळ्यांत मोठी चूक युरियाची. एमडीकॅल्कवर प्रश्न विचारला जातो तो बीयूएनचा (युरियातल्या फक्त नायट्रोजनचा) : १९ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आहे का? आपल्याकडच्या बहुतेक लॅबच्या रिपोर्टवर 'ब्लड युरिया' छापलेला असतो, तोही मिलिग्रॅममध्येच. एकक सारखं दिसतं, म्हणून आकडा जसाच्या तसा ताडून पाहिला जातो. पण युरिया म्हणजे बीयूएन गुणिले २.१४. म्हणजे ब्लड युरियासाठी कर्ब-६५ ची खरी रेषा ४२ मिलिग्रॅमची आहे आणि पीएसआयमधली (बीयूएन ३०) साधारण ६४ ची. युरिया २८ म्हणजे अगदी नॉर्मल. त्यालाही चुकून १ गुण मिळतो.

हे किती महागात पडतं ते एका उदाहरणावर पाहा. ७२ वर्षांची बाई, मधुमेह आहे, शुद्धीवर आहे, श्वास २४, बीपी ११८/५८, साखर २८६, ब्लड युरिया ३८. कर्ब-६५ मध्ये वयाचा १, खालच्या बीपीचा १, एकूण २. पीएसआयमध्ये ७२ मधून बाईचे १० वजा, साखरेचे १०, एकूण ७२ गुण, म्हणजे वर्ग ३ (पीएसआयचे गुण आणि वर्ग पुढे दिले आहेत). आता ३८ हा आकडा बीयूएन समजून भरा. कर्ब ३ होतो, पीएसआय ९२ म्हणजे वर्ग ४. पेशंट तोच, रिपोर्ट तोच, आणि दोन्ही स्कोअरनी एकाच वेळी पुढची पायरी चढली. दोन स्कोअर जुळले म्हणून निर्णयावर विश्वासही वाढतो, ही त्यातली जास्त वाईट गोष्ट. कॅज्युअल्टीच्या भिंतीवर 'ब्लड युरिया : कर्ब ४२, पीएसआय ६४' एवढा कागद चिकटवला तरी हे थांबतं.

श्वासाचं दुखणं वेगळं आहे. कुठल्याही वॉर्डातल्या पन्नास फाइली उघडून पाहिल्या तर आरआरच्या (श्वासाच्या वेगाच्या) रकान्यात १८, २० आणि २२ याखेरीज फारसं काही सापडत नाही. तो मोजलेला नसतो, लिहिलेला असतो. मोजला तरी पंधरा सेकंद मोजून चाराने गुणतात. या पद्धतीत उत्तर २८ येतं किंवा ३२, मधलं काही येऊच शकत नाही, आणि नेमकी रेषा ३० वर आहे. एक श्वास इकडेतिकडे झाला की १ गुण गेला किंवा आला. पूर्ण ६० सेकंद मोजायचे. पेशंट जिना चढून किंवा स्ट्रेचरवर हलवून आला असेल तर पाचेक मिनिटं बसू द्यायचं. त्याला सांगायचं नाही की श्वास मोजतोय, कारण सांगितलं की माणूस श्वास सांभाळून घ्यायला लागतो. मनगट धरून नाडी पाहतोय असं दाखवत छातीवर, जाड कपडे किंवा पदर असेल तर पोटावर, नजर ठेवायची. मॉनिटरवरचा श्वासाचा आकडा छातीवरच्या इलेक्ट्रोडवरून येतो. पेशंट खोकला, हलला, बोलला की तो भरकटतो. चारही स्कोअरमध्ये असलेली ही तपासणी पूर्ण फुकट आहे. एका सिस्टरला हे नीट शिकवणं कुठलंही यंत्र घेण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

गोंधळासाठी मूळ स्कोअरमध्ये दहा प्रश्नांची ब्रिटिश चाचणी आहे; ८ किंवा त्याहून कमी उत्तरं बरोबर आली तर गुण. त्यात पहिलं महायुद्ध कधी सुरू झालं आणि राजाचं किंवा राणीचं नाव काय, असे प्रश्न आहेत. जामखेडच्या किंवा कणकवलीच्या आजोबांना ते विचारून काही हाती लागत नाही. जन्मतारीखही अनेकांची शाळेच्या दाखल्यावरची असते किंवा माहीतच नसते. त्याऐवजी स्कोअरने मान्य केलेला सोपा रस्ता धरावा : माणूस, जागा, वेळ यांचं भान नव्याने सुटलंय का? आजोबा, सोबत कोण आलंय? हे गाव कोणतं, आत्ता आपण कुठे आहोत? आज वार कोणता, आत्ताच कोणता सण होऊन गेला? वीसपासून उलटं मोजून दाखवा. आणि शेवटचा प्रश्न सोबतच्या सुनेला किंवा मुलाला : "हे एरवीही असंच बोलतात का?" हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण गुण फक्त नव्या गोंधळाचा आहे. जुन्या विसरभोळेपणाचा गुण द्यायचा नाही. उलट, "काल रात्रीपासून बरळतायत" हे वाक्य कानावर आलं तर पेशंट आपल्यासमोर नीट बोलत असला तरी ते लिहून ठेवायचं, कारण गोंधळ येतो-जातो. कानाने कमी ऐकू येत असेल तर ते आधी पाहून घ्यायचं, नाहीतर बहिरेपणालाच गुण जातो.

बीपीत दोन बारकावे. वरचं ९० पेक्षा *कमी* हवं, खालचं ६० *किंवा* कमी. म्हणजे ९०/६० ला खालच्यामुळे गुण मिळतो, ९०/६४ ला मिळत नाही. पाऱ्याच्या यंत्रावर शेवटचा आकडा शून्यावर आणायची सवय असल्याने '१००/६०' हे फार वेळा लिहिलं जातं, आणि मग सडपातळ, धडधाकट पंचविशीतल्या मुलीलाही १ गुण बसतो. हा खालच्या बीपीचा निकष कर्ब-६५ मधला सगळ्यांत कमजोर भाग आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. तो एकटाच मिळाला असेल तर त्यावर भिस्त ठेवू नये, पण बीपी पुन्हा हाताने मोजावं.

पीएसआय

१९९७ मध्ये आलेला हा स्कोअर सर्वांत जास्त पेशंटवर तपासला गेला : १४,१९९ पेशंटवर बांधला, आणखी ३८,०३९ पेशंटवर पडताळला, आणि वेगळ्या २२८७ जणांच्या गटावर पुन्हा. वीस गोष्टी मोजाव्या लागतात. वय हेच गुण, बाईसाठी १० वजा. कॅन्सरचे ३०, लिव्हरच्या आजाराचे २०, हार्ट फेल्युअर, पक्षाघात, किडनी यांचे प्रत्येकी १०. गोंधळ, श्वास ३०, बीपी ९० पेक्षा कमी यांचे २०-२०. तापमान ३५ अंशांखाली किंवा ४० आणि त्याहून जास्त असेल तर १५. नाडी १२५ किंवा जास्त, १०. रक्ताचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ७.३५ पेक्षा कमी असेल तर ३०. बीयूएन ३० किंवा जास्त, २०. सोडियम १३० पेक्षा कमी, २०. साखर २५० किंवा जास्त, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) ३० पेक्षा कमी, ऑक्सिजन ९० पेक्षा कमी, छातीत पाणी, यांचे १०-१०. ७० पर्यंत वर्ग २, ९० पर्यंत वर्ग ३, १३० पर्यंत वर्ग ४, पुढे वर्ग ५. पन्नाशीच्या आतला, दुसरा आजार नसलेला, नाडी-श्वास-बीपी-ताप-भान मर्यादेत असलेला तो वर्ग १, त्याला लॅबची गरजच नाही.

त्याची ताकद एका ठिकाणी आहे. वर्ग १ आणि २ चा पेशंट घरी पाठवला तर सुरक्षित आहे, हे तो खरोखर ओळखतो. कॅनडातल्या १९ रुग्णालयांत हा स्कोअर रोजच्या कामात बसवून पाहिला, तेव्हा कमी धोक्याच्या पेशंटचं भरती होण्याचं प्रमाण ४९ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं आणि पेशंटचं नुकसान झालं नाही. कर्ब-६५ ची अशी प्रत्यक्षातली परीक्षा इतकी झालेली नाही. २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शिकेने भरती करायची की नाही यासाठी पीएसआयला कर्ब-६५ च्या वर ठेवलं ते याचमुळे, आणि तेही 'डॉक्टरच्या विचारासोबत' असं बजावून.

आता कमजोरी. वयाला इतकं वजन आहे की ९१ वर्षांचा, स्वतःच्या पायाने चालत आलेला, बाकी सगळं नॉर्मल असलेला पुरुष केवळ वयामुळे वर्ग ४ मध्ये जातो. तिथे स्कोअर चुकला तर एखादी खाट जादा जाते, एवढंच. उलट्या बाजूची चूक जिवावर येते.

२८ वर्षांचा तरुण घ्या. नाडी १३०, श्वास ३२, बीपी ८६/५०, सॅच्युरेशन हवेवर ८७. हा मुलगा शॉकमध्ये आहे, दारातूनच दिसतं. पीएसआय काय म्हणतो? वयाचे २८, नाडीचे १०, श्वासाचे २०, बीपीचे २०, ऑक्सिजनचे १०. एकूण ८८, वर्ग ३. मूळ अभ्यासातल्या गटांत या वर्गाचा मृत्यूदर १ ते ३ टक्क्यांच्या आसपास. कर्ब-६५ त्याला २ देतो. स्मार्ट-कॉप मात्र बीपीचे २, श्वासाचा १, नाडीचा १, ऑक्सिजनचे २ मिळून ६ देतो, म्हणजे साधारण तिघांतल्या एकाला व्हेंटिलेटर किंवा बीपीच्या इंजेक्शनांचा आधार लागणार.

दुसरा, त्याहून फसवा. ३४ वर्षांचा, बोलतोय, शुद्धीवर, ताप आहे, नाडी ११२, श्वास २८, बीपी ११२/७०, सॅच्युरेशन ८८, एक्स-रेत दोन्ही बाजूंना डाग. कर्ब-६५ शून्य. पीएसआयच्या पहिल्या पायरीत ऑक्सिजनचा प्रश्नच नसल्याने तिथेच वर्ग १. दोन नावाजलेले स्कोअर म्हणतात घरी पाठवा. स्मार्ट-कॉपमध्ये त्याला ४ मिळतात : ऑक्सिजनचे २, एकाहून जास्त लोबचा (फुफ्फुसाच्या भागाचा) १, आणि पन्नाशीच्या आत श्वासाची रेषा २५ वर असल्याने त्याचा १.

यात कोणाची चूक काढण्यासारखं काही नाही. कर्ब आणि पीएसआय महिनाभरातला मृत्यू सांगायला बांधले. तरुण माणूस नीट उपचार मिळाले तर बहुधा वाचतो, म्हणून त्याचा आकडा कमी येतो. पण तो वाचतो तो ऑक्सिजन आणि खाट मिळाल्यामुळे. कमी आकडा पाहून त्याला घरी पाठवलं तर ज्या उपचाराच्या जोरावर तो आकडा कमी आला होता तोच काढून घेतला जातो.

पीएसआयमध्ये मधुमेह, दमा आणि सीओपीडी हे आजार म्हणून मोजलेच जात नाहीत. मधुमेह फक्त त्या क्षणीच्या साखरेतून डोकावतो. आपल्याकडच्या पेशंटमध्ये ही मोठी उणीव आहे.

ऑक्सिजन आधी

म्हणून कुठलाही स्कोअर उघडण्याआधी ऑक्सिमीटर. भारतीय छातीविकार संघटनांच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेने हे बरोबर ओळखलं होतं : सुरुवात सीआरबी-६५ ने करा, १ पेक्षा जास्त आला तर भरतीचा विचार करा, आणि स्कोअर काहीही असो, पन्नाशीपर्यंत सॅच्युरेशन ९२ किंवा कमी, पन्नाशीनंतर ९० किंवा कमी असेल तर भरती. साध्या दवाखान्यात इतकं पुरतं. जपानमध्ये वापरतात त्या ए-ड्रॉप स्कोअरमध्येही पाचातला एक गुण ऑक्सिजनचाच आहे. कर्बचीच सुधारलेली आवृत्ती म्हणावी अशी. आपल्याकडे तो फारसा रुजला नाही, रुजायला हरकत नव्हती.

ऑक्सिमीटर कोविडनंतर घरोघरी आहे, पण तो लावायची रीत अजून सैल आहे. नेलपॉलिश पुसायचं, गडद मेंदी असेल तर दुसरं बोट किंवा कानाची पाळी. गार हात चोळून गरम करायचे. आकडा पहिल्या दोन सेकंदांत वाचायचा नाही, लाट एकसारखी झाल्यावर वाचायचा. बोटावर दिसणारी नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळते का पाहायचं. जुळत नसेल तर सॅच्युरेशनही खरं नाही. सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं. आपल्या पेशंटमध्ये ९१-९२ ला 'ठीक आहे' म्हणताना हे लक्षात असू द्यावं.

आणि १०८ मधून आलेल्या पेशंटचं सॅच्युरेशन ९६ दिसलं तर नळी कितीवर चालू आहे ते आधी पाहा. चार लिटरवर ९६ म्हणजे हवेवर किती, हे कुठलाही स्कोअर विचारत नाही. पेशंटला त्रास होणार नसेल तर दोन-तीन मिनिटं नळी काढून, समोर उभं राहून हवेवरचा आकडा घ्या. ९० च्या खाली घसरू लागला की लगेच पुन्हा लावा. धाप जास्त असेल तर हा प्रयोग करायचाच नाही, 'ऑक्सिजन चालू असताना' असं लिहून ऑक्सिजनचे गुण द्यायचे.

स्मार्ट-कॉप आणि आयसीयूचे निकष

स्मार्ट-कॉप २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झाला. तो मृत्यूबद्दल बोलत नाही. व्हेंटिलेटर किंवा बीपी वाढवणारी औषधं लागतील का, एवढंच विचारतो. वॉर्डात उभ्या माणसाला हेच हवं असतं. बीपी ९० पेक्षा कमी २, एकाहून जास्त लोब १, अल्ब्युमिन ३.५ पेक्षा कमी १, श्वास १ (पन्नाशीपर्यंत २५, पुढे ३०), नाडी १२५ ला १, गोंधळ १, ऑक्सिजन २ (पन्नाशीपर्यंत सॅच्युरेशन ९३ किंवा कमी, पुढे ९० किंवा कमी), पीएच ७.३५ पेक्षा कमी २. ३ पासून सावध, ५ पासून आयसीयूची खाट शोधायला लागा. एबीजी आणि अल्ब्युमिन मिळत नसेल तर ते वगळून केलेलं छोटं रूपही आहे, तालुक्याच्या ठिकाणी तेच चालवावं. अल्ब्युमिनची एक अडचण : कुपोषित किंवा लिव्हरच्या जुन्या पेशंटचं ते आधीपासूनच कमी असतं, त्यामुळे तो गुण न्यूमोनियाचा असेलच असं नाही.

अमेरिकन निकषांत २००७ पासून दोन मोठे आणि नऊ छोटे आहेत. शॉकसाठी औषध चालू आहे किंवा व्हेंटिलेटर लागलाय, यातलं एक असेल तर विचार करण्यासारखं काही उरत नाही. छोट्यांपैकी तीन असले तरी न्यूमोनिया गंभीर : श्वास ३०, पीएफ रेशो (धमनीतला ऑक्सिजन भागिले श्वासातल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) २५० किंवा कमी, एकाहून जास्त लोब, गोंधळ, बीयूएन २० (युरिया ४३ च्या आसपास), पांढऱ्या पेशी ४००० पेक्षा कमी, प्लेटलेट एक लाखाहून कमी, तापमान ३६ अंशांखाली, भरपूर सलाईन द्यावं लागेल इतकं कमी बीपी. पीएफ रेशोला लोक घाबरतात, पण हिशेब सोपा आहे : नाकातल्या नळीवर श्वासातला ऑक्सिजन दर लिटरला साधारण ४ टक्के वाढतो. २ लिटर म्हणजे अंदाजे २८ टक्के. पीएओटू (धमनीतला ऑक्सिजन) ६० आला तर ६० भागिले ०.२८, म्हणजे २१४. निकष बसला. महाराष्ट्रात पावसाळ्यात एक सावधगिरी हवी : प्लेटलेट ८० हजार आणि छातीत डाग असेल तर तो गुण डेंग्यू किंवा लेप्टोचा असू शकतो. गुण द्या, पण तपासण्याही पाठवा.

क्यूसोफाबद्दल (सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाने शरीरभर होणारा बिघाड, ओळखायचा झटपट स्कोअर) विचारणा होते. तो न्यूमोनियासाठी बांधलेला नाही, आणि २०२१ च्या सेप्सिस मार्गदर्शिकेने एकट्या क्यूसोफावर चाळणी करू नका असं सांगितलं आहे. वेळ घालवू नये.

कोणाला हे लावायचे नाहीत

एचआयव्ही असलेले, केमो किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असलेले, रुग्णालयातच न्यूमोनिया झालेले, गरोदर बाया. यांच्यासाठी हे स्कोअर बांधलेले नाहीत. आकडा कमी आला तरी त्याला अर्थ नाही. लहान मुलांना तर अजिबात नाही. त्यांचं साधं मोजमाप वेगळं आहे : दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० श्वास ही वेगाची रेषा, सोबत छाती आत ओढली जाते का ते पाहणं. दोन-तीन आठवड्यांचा खोकला आणि वजन घटलेलं असेल तर स्कोअर कितीही असो, थुंकी सीबीनॅटला (टीबीच्या जनुकीय तपासणीला) पाठवा, आणि टीबीची शंका असताना लेव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकवर सुरुवात करू नका. टीबी काही दिवस दबतो आणि निदान लांबतं.

आमची शिफारस

ओपीडीत : ऑक्सिमीटर, ६० सेकंद श्वास, मग सीआरबी-६५. सॅच्युरेशन चांगलं आणि स्कोअर ० असेल तर घरी. पण त्याआधी तीन गोष्टी विचारा, ज्या कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये नाहीत. गोळ्या पोटात राहतात का, उलटी होते का? घरी सोबत कोण आहे? रात्री बिघडलं तर गाडी मिळेल का? यातल्या एकाचं उत्तर वाईट असेल तर शून्य स्कोअरवरही भरती करायला लाजू नये. घरी पाठवलं तर ४८ तासांनी परत बोलवायचं, आणि धाप वाढली, सॅच्युरेशन घसरलं, पेशंट बरळू लागला तर त्याआधीच.

लॅब असलेल्या ठिकाणी : घरी पाठवण्याचा निर्णय पीएसआयवर तपासून घ्या, फक्त वर्ग १-२ ला आणि ऑक्सिजन व्यवस्थित असेल तेव्हाच. सोडियमची वाट पाहा, कारण १२८ आलं तर वरची ७२ वर्षांची बाई वर्ग ३ मधून ९२ गुणांवर, वर्ग ४ मध्ये जाते. पन्नाशीच्या आतल्या भरती पेशंटला स्मार्ट-कॉप किंवा अमेरिकन निकष लावल्याशिवाय वॉर्डात सोडू नका.

फाइलमध्ये नुसता 'कर्ब २' लिहू नका. 'कर्ब-६५ = २ (वय, खालचं बीपी ५८), ब्लड युरिया ३८, सॅच्युरेशन ९३ हवेवर, श्वास २४ पूर्ण मिनिट' असं लिहा. रात्रीच्या डॉक्टरला त्यातून पेशंट दिसतो, आणि सकाळी एखादा आकडा बदलला तर कुठला बदलला ते कळतं.

आणि डिस्चार्जसाठी हे स्कोअर पुन्हा मोजू नका. ते पहिल्या दिवसासाठी बांधलेले आहेत. वय आणि जुने आजार तिसऱ्या दिवशीही तेवढेच असतात, त्यामुळे आकडा फारसा उतरत नाही. तिथे स्थिरता पाहायची : ताप ३७.८ पर्यंत, नाडी १०० पर्यंत, श्वास २४ पर्यंत, वरचं बीपी ९० किंवा जास्त, हवेवर सॅच्युरेशन ९० किंवा जास्त, भान नेहमीसारखं, आणि तोंडाने खातोय-पितोय.